मामांचा पेला

तात्यांनी पिशवीतून नारळ काढला, मग उदबत्तीचा पुडा, मग केळी, आणि सगळ्यात शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेली क्वार्टर. ती त्यांनी ओट्यावर ठेवली, रेऊच्या दुधाच्या बाटलीला अगदी खेटून.

"दादाची," ते म्हणाले.

मी वडे थापत होते. हात पिठातच थांबला. आधी मी दुधाची बाटली उचलून खिडकीत ठेवली, मग म्हणाले, "तात्या, या वर्षी ते राहू दे ना. घरात आणायचीसुद्धा नाही असं केंद्रात सांगितलंय ह्यांना."

"धैर्याला कोण द्यालंय? मी माझ्या भावाला द्यालोय."

तात्या माझे चुलत सासरे. त्यांचा दादा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायची. त्याआधी दोन वर्षं ते गेले होते. पोटाच्या आजारानं गेले, असं आमच्या घरात म्हणतात. पोटात पाणी झालं होतं आणि ते कशानं झालं होतं, हे इचलकरंजीच्या निम्म्या गल्ल्यांना माहीत होतं, पण घरात त्यावर कुणी बोलत नसे. पितृपक्षात त्यांचा म्हाळ घालायचा, गच्चीवर कावळ्यासाठी पान वाढायचं, आणि त्या पानाशेजारी त्यांच्या पितळी पेल्यात त्यांची आवडती दारू ठेवायची. तंबाखूची पुडीसुद्धा ठेवायची. कावळा शिवला की थोरल्या मुलानं पेल्यातला एक थेंब प्रसाद म्हणून जिभेला लावायचा. मामांनी त्यांच्या वडिलांसाठी हे केलं होतं, वडिलांनी आजोबांसाठी.

थोरला मुलगा म्हणजे माझा नवरा, धैर्यशील.

मागच्या म्हाळाला त्यानं तो थेंब लावला होता. संध्याकाळी घराबाहेर पडला तो तिसऱ्या दिवशी एसटी स्टँडच्या मागं सापडला, एका पायात चप्पल नसलेला. मला तेव्हा चौथा महिना होता.

"आत्या," मी सासूबाईंकडे वळले, "तुम्ही तरी सांगा ना."

आत्या खिरीत वेलदोडा कुटून घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "बाई, वर्षातनं एकदा जेवाय येतंय माणूस. त्याच्या आवडीचं ठेवायचं न्हाई व्हय? नुसतं ठेवायचं. धैर्यानं तोंडाला लावायचं न्हाई, एवढं मी सांगते."

"बघा," तात्या म्हणाले, "झालं मग." पेला त्यांनी स्वतः भरला, देवघराच्या कोपऱ्यात ठेवला, वर ताटली झाकली. उरलेली बाटली पुन्हा पिशवीत गेली. ती कुणाच्या आवडीची, हे मी विचारलं नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं ६१ लिहिलेलं होतं. धैर्यशील रोज सकाळी दात घासायच्या आधी आकडा लिहायचा. न पिता काढलेले दिवस: एकवीस व्यसनमुक्ती केंद्रात, बाकीचे घरी. घरच्या चाळीस दिवसांत मी दुसरं काही केलंच नव्हतं. तो घरात आला की मी रेऊला त्याच्याकडे द्यायच्या निमित्तानं जवळ जायची आणि श्वास आत घ्यायची. अंघोळीला गेला की शर्ट हुंगायची. तांदळाच्या डब्यात हात खालपर्यंत घालून बघायची. कारखान्यातून, म्हणजे मागाच्या शेडमधून, घरापर्यंत चालत बारा मिनिटं लागतात. तेराव्या मिनिटाला मी दारात जाऊन उभी राहायची. तो जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करायचा. एखादा माग अडला की उशीर होणारच, हे मला कळत होतं. तरी मी दारात जायचीच.

आणि आमच्या खोलीतल्या कॉटखाली एक बॅग भरलेली होती. माझ्या चार साड्या, रेऊची झबली, तिच्या लसींचं कार्ड. केंद्रातून तो घरी आला त्या दिवशी मी त्याला ती दाखवली होती. "एकदा जरी प्यालास तरी मी आणि रेऊ सांगलीला. परत बोलवायला यायचं नाही." तो म्हणाला होता, "बॅग तिथंच राहू दे. मला दिसू दे."

साडेअकरा वाजता तात्या गच्चीवर पाणी शिंपडायला गेले. आत्या परसात केळीचं पान कापायला गेल्या. धैर्यशील अंघोळीला. मी रेऊला कडेवर घेऊन देवघरात गेले, पेला उचलला आणि मोरीत ओतला. वर दोन तांबे पाणी, त्यावर फिनेल. पेला विसळला नाही. वास राहायला हवा होता, नाहीतर तात्यांना लगेच कळलं असतं.

गॅसवर कोरा चहा ठेवला. पहिल्यांदा फार काळा झाला. पाणी घातलं तर फिका. बी.एस्सी.ला टायट्रेशन करताना रंग बदलायच्या क्षणी नळी बंद करायची असते, मला ते कधी नीट जमायचं नाही, सर ओरडायचे. त्या दिवशी जमलं. बशीत ओतून फुंकून गार केला, गाळणीनं गाळून पेल्यात ओतला. साखर घातली नाही. मुंग्या लागल्या असत्या. रेऊ माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र तोंडात घालून हे सगळं बघत होती. ताटली झाकतेय तोच न्हाणीघराची कडी वाजली.

"काय करतेस?" धैर्यशीलनं विचारलं. कमरेला पंचा, केसांतून पाणी गळत होतं.

"काही नाही. निरांजन बघत होते."

तो ताटलीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "वास येतोय."

"वर जाऊ नकोस. तात्यांना करू दे."

"बाप माझा आहे." त्यानं हात पंचाला पुसले. "केंद्रातल्या मॅडम सांगायच्या तसं, तलफ वीस मिनिटं टिकते. वीस मिनिटं काहीतरी करत राहायचं. कावळा काय, दहा मिनिटांत येतो."

मी डब्यातून गुळाचा खडा काढून त्याच्या हातात ठेवला. मॅडमनी हेही सांगितलं होतं: उपाशी राहायचं नाही, तलफ आली की गोड काहीतरी तोंडात टाकायचं. तो खडा तोंडात टाकणार इतक्यात आत्या पान घेऊन आत आल्या.

"ए! पितर जेवायच्या आधी तोंड खरकटं करतोस व्हय?"

त्यानं खडा परत माझ्या हातात दिला. चिकट झाला होता.

दुपारी बाराला पान मांडलं. भात, आमटी, वडे, खीर, आळूच्या वड्या, गवारीची भाजी. शेजारी तंबाखूची पुडी आणि पेला, ताटली काढलेला. ऊन असं होतं की पत्र्याकडे बघवत नव्हतं. खाली चारी बाजूंनी मागांची खटखट चालू. आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत थांबलो.

कावळा आला नाही.

आजूबाजूच्या सगळ्याच गच्च्यांवर पानं होती. समोरच्या गच्चीवर तीन कावळे बसले होते, एक तर चोच पुसत होता. आमच्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती.

"पोट भरलंय भाड्यांचं," तात्या म्हणाले. मग धैर्यशीलकडे बघून हसले, "का कावळं बी तुझ्याबरोबर शेंटरला जाऊन आलं म्हणायचं?"

धैर्यशील हसला नाही. तो पानासमोर उकिडवा बसला होता, पेल्यापासून दोन हातांवर. सव्वाबारा. साडेबारा. वीस मिनिटं केव्हाच संपली होती. त्यानं उजव्या हाताची बोटं डाव्या मुठीत आवळून धरली होती. मी त्याच्या गळ्याकडे बघत होते. गिळताना तो भाग वर जातो, खाली येतो. तो पुन्हा पुन्हा जात होता.

"पाणी तरी पिऊ दे त्यांना," मी म्हणाले.

"थांब की जरा," आत्या म्हणाल्या आणि पदर डोक्यावर घेऊन पानासमोर वाकल्या. "अहो, या आता. पोरगं उपाशी हाय. सगळं तुमच्या मनासारखं हुईल. नातीचं नाव तुमच्या आईचंच ठेवलंय, रेवती. या."

तात्यांनी पेला पुढं सरकवला. "ह्यो दिसंना त्याला, म्हणून येईना."

एक वाजायला पाच मिनिटं कमी असताना एक म्हातारा, पंख झडलेला कावळा टाकीवर बसला, तिथून कठड्यावर, आणि मग पानावर. वडा उचलला आणि गेला. आत्यांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी सुटले असं वाटून रेऊला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"चला," तात्या म्हणाले. "धैर्या, परसाद घे."

"नको तात्या."

"भाऊजी, आता काय ठरलं हुतं आपलं?" आत्या म्हणाल्या.

"अहो वैनी, थेंब! थेंबानं काय हुतंय? रीत हाय. आमच्या बापाचा दादानं घेतला, आज्याचा बापानं घेतला." ते धैर्यशीलसमोर बसले, पेला उचलून त्याच्या हातात दिला. "उपाशी बाप वाट बघत बसला हुता तुझी. त्येला न्हाई म्हणतोस?"

धैर्यशीलनं दोन्ही हातांनी पेला धरला होता. परत खाली ठेवण्यासाठी धरलाय की कशासाठी, ते कळत नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. सरळ, बराच वेळ बघितलं.

मी रेऊचं टोपरं सारखं करायला लागले. नाडी सुटली नव्हती, तरी सोडून पुन्हा बांधली.

वर बघितलं तेव्हा पेला उलटा झाला होता. त्यानं थेंब घेतला नव्हता. अख्खा पेला एका दमात घशाखाली गेला होता.

मग त्याचा चेहरा. भुवया आधी वर गेल्या, मग एकदम सगळं स्थिर झालं, जसा माग बंद पडल्यावर होतो. त्याला ठसका लागला.

"सवय मोडली रं तुझी!" तात्यांनी त्याच्या पाठीत थाप मारली.

त्यानं पेला खाली ठेवला. "झालं?" एवढंच विचारलं. आत्यांनी पेला उचलला, आत एकदा बघितलं आणि पदराखाली धरून खाली गेल्या.

जेवायला भावकीतली आठ-दहा माणसं होती. मी वाढत होते. धैर्यशील पंगतीत बसला, भात कालवला, पण घास घेतल्याचं मला दिसलं नाही. आमटी वाढायला वाकले तेव्हा त्यानं पानावर आडवा हात धरला. माझ्याकडे बघितलं नाही. तात्या त्याच्या लहानपणीचं काहीतरी सांगत होते, सगळे हसत होते, आणि मी मनाशी घोकत होते, चहाच आहे, चहाच होता, काही झालेलं नाही.

तीन वाजता बघितलं तर तो घरात नव्हता.

फोन फळीवर. गाडी दारात. चपला नाहीत.

"बाहेर गेले का, आत्या?"

"मला काय सांगून गेला?" आत्या भांडी घासत होत्या. पितळी पेला एकीकडे काढून ठेवला होता, अजून न घासलेला.

मी रेऊला ओढणीनं छातीशी बांधलं आणि निघाले. कारखान्याच्या शेडमध्ये विचारलं, आज सुट्टी घेतलीय म्हणाले. स्टँडच्या मागं गेले, तिथल्या भिंतीपर्यंत. मग परमिट रूम. मुख्य रस्त्यावरची पहिली, मग मार्केटजवळची. दारातला माणूस म्हणाला, "ताई, लेकराला घेऊन आत नाही जाता येत." मी म्हणाले, "आत नाही जात, फक्त बघते." त्यानं पडदा बाजूला धरला. आतल्या माणसांनी माझ्याकडे बघितलं, एकानं घाईनं तोंड फिरवलं. तोही कुणाचातरी असेल. धैर्यशील नव्हता. तिसऱ्या ठिकाणीही नव्हता. तो तिथं नाही म्हणून हायसं वाटायच्या ऐवजी माझी घाई वाढत होती. रेऊ घामानं चिंब झाली होती, रडत होती. मी तिला थोपटत होते आणि चालता चालता प्रत्येक टपरीमागं डोकावत होते.

शेवटी दस्तगीरभाईंच्या सायकल दुकानापाशी आले. दस्तगीर शिकलगार. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमधले जुने, सतरा वर्षं न प्यायलेले. तलफ आली की धैर्यशील त्यांना फोन लावायचा. दुकान बंद होतं. शेजारचा शिंपी म्हणाला, "आज शनिवार. शाळेत गेले असतील, मीटिंगला."

शनिवारची मीटिंग घरच्यांसाठीही खुली असायची. मी कधी गेले नव्हते. त्याच्यावर घरात लक्ष ठेवणं पुरेसं आहे, असं मला वाटायचं.

शाळेचा दुसरीचा वर्ग होता. भिंतीवर प्राण्यांच्या घरांचे तक्ते. लहान बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसलेली. मी दारातच थांबले. आत धैर्यशील उभा होता, पाठ माझ्याकडे.

"माझं नाव धैर्यशील. मी दारुडा आहे."

"नमस्कार, धैर्यशील," सगळे म्हणाले.

"आज सकाळी मी एकसष्ट लिहिले होते. ते खोडायचे आहेत." तो थांबला. "आज दुपारी एक वाजता मी प्यालो."

पुढच्या बाकावरून दस्तगीरभाईंनी विचारलं, "क्या लिया?"

"कोरा चहा."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दोघं-तिघं. धैर्यशीलही हसला असावा, खांदे हलले. हसणं थांबल्यावर तो पुढं बोलायला लागला.

"माझ्या बायकोनं पेला बदलला होता. मला माहीत नव्हतं. म्हाळाचा पेला. थेंब घ्यायचा होता, मी सगळा घेतला. जिभेला लागेपर्यंत मी दारूच पीत होतो. आत चहा गेला, ते तिच्यामुळं. मी माझ्याकडून प्यालोच."

"अरे, चहा कशाला मोजतोस?" एक म्हातारा म्हणाला. "एकसष्ट दिवस काय खायचं काम हाय? राहू दे की."

"आकडा त्याचा आहे," दस्तगीरभाई म्हणाले. "त्याला मोजू द्या."

"घरात तात्यांच्या पिशवीत उरलेली होती," धैर्यशील म्हणाला. "मला कुठं ठेवलीय ते माहीत होतं. म्हणून तीन वाजल्यापासून इथं पायरीवर येऊन बसलोय. आज माझा पहिला दिवस आहे."

टाळ्या वाजल्या. रेऊ दचकली आणि मोठ्यानं रडली. त्यानं वळून बघितलं.

मीटिंग संपल्यावर आम्ही पटांगणात वडाच्या पाराशी उभे होतो. दस्तगीरभाई कागदी कपांतून चहा वाटत होते. धैर्यशीलच्या हातात कप देऊन ते म्हणाले, "ये ले, तेरी क्वार्टर," आणि पुढं गेले.

"धैर्य," मी म्हणाले, "तू वर माझ्याकडे बघितलंस."

"हो."

"मी हाक मारू शकत होते. चहा आहे, घेऊ नका, असं नाही, पण नुसतं 'अहो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. रेऊला घ्या म्हटलं असतं."

तो कपात बघत होता.

"मला माहीत होतं पेल्यात काय आहे. म्हणून मी गप्प बसले." माझा आवाज मलाच ऐकू येईनासा झाला. "मला बघायचं होतं. तू घेतोस का."

पटांगणात कुणीतरी गाडीला किक मारत होतं, ती लागत नव्हती.

"मला तेव्हाच कळलं," तो म्हणाला. "चव लागली तेव्हा. म्हटलं, हिनं टोपरं उगाच नाही बांधलं."

"बॅग..."

"जायचंय का तुला?"

"माहीत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

त्यानं हात पुढं केले. रेऊला घ्यायला तो वाकला, त्याचं तोंड माझ्या चेहऱ्याजवळ आलं. मी श्वास रोखला. आत घेतला नाही.

"साखर घालायची होतीस," तो म्हणाला. "फार कडू होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅलेंडरवरचा ६१ खोडलेला होता. तिथं १ लिहिलं होतं आणि पुढच्या चौकोनात २. बॅग थंडी पडेपर्यंत कॉटखाली होती. मग रेऊचं स्वेटर काढायला उघडली, आणि बाकीचे कपडेही हळूहळू कपाटात गेले.

पुढच्या म्हाळाला तात्या पिशवी घेऊन आले तेव्हा आत्यांनी ती दारातच त्यांच्या हातून घेतली, नारळ आणि केळी काढून घेतली आणि पिशवी तशीच परत दिली. "पेला मी भरलाय, भाऊजी." तात्यांनी ताटली उचलून बघितलं, हुंगलं, माझ्याकडे बघितलं, मग आत्यांकडे. मागच्या म्हाळाला घासायला वेगळा काढलेला पेला मला आठवला. गाळणीतून सुटलेली चहाची पूड तळाशी राहिली असणार.

याला आता दहा वर्षं झाली. मध्ये एकदा धैर्यशीलनं पुन्हा १ लिहिलं, तिसऱ्या वर्षी, आणि तेव्हा बाहेरच्या ग्लासात चहा नव्हता. तेही आम्ही पार केलं. आकडा आता चार अंकी झालाय, त्याला तो चौकोनात बारीक लिहावा लागतो.

या वर्षी पान वाढताना रेऊनं ताटली उचलली. "आजी, आजोबांना कोरा चहा आवडायचा?"

आत्यांनी पेल्यात साखर घातली, चमच्यानं ढवळली.

"आवडाय पायजे हुता, बाई," त्या म्हणाल्या.